चुबाकाची थकबाकी : लुकासफिल्मला खुलं पत्र

प्रति,
लुकासफिल्मचे कारभारी मंडळ,
प्रेसिडिओ, सॅन फ्रान्सिस्को

विषय : ‘स्टार वॉर्स’मधल्या ‘मिलेनियम फाल्कन’ या यानाचा केसाळ सहवैमानिक चुबाका याच्या 1977 पासून प्रलंबित असलेल्या देण्याबाबत

स.न.वि.वि.

25 मे 2027 ला ‘स्टार वॉर्स’ला 50 वर्षं पूर्ण होतील. तुमच्याकडे तयारीची धांदल असणारच. जुन्या रिळांची साफसफाई, खेळण्यांच्या नव्या खेपा, टी-शर्ट, मुलाखती, आठवणींचे कार्यक्रम. या धांदलीत एक जुनी फाईल टेबलाखालीच राहून जाईल अशी भीती वाटते, म्हणून हे पत्र. फाईल केसाळ आहे, सात फुटांहून उंच आहे आणि बऱ्यापैकी मोठ्याने ओरडते. तरी ती तुमच्या नजरेतून निसटते, हे कौतुकच म्हणायचं.

पहिल्या चित्रपटाचा शेवट आठवा. शत्रूच्या डेथ स्टार या अजस्र अवकाशतळाच्या ठिकऱ्या उडाल्यात. याविनच्या चंद्रावरल्या जुन्या मंदिरात बंडखोरांची फौज दुतर्फा शिस्तीत उभी आहे. मधल्या वाटेने तिघं चालत येतात: तरुण नायक ल्यूक, फाल्कनचा मालक हान आणि चुबाका. राजकन्या लेया हानच्या गळ्यात पदक घालते, मग ल्यूकच्या. हान तिला डोळा मारतो. नुकताच दुरुस्त होऊन आलेला यंत्रमानव आर-टू आनंदाने डुलतो. त्याचा जोडीदार थ्रीपीओ घासूनपुसून सोन्यासारखा लखलखतोय. आणि चुबाका? तो एक डरकाळी फोडतो, सगळे फौजेकडे तोंड करून उभे राहतात, टाळ्यांचा कडकडाट, संगीत, श्रेयनामावली. तिघं आले होते, पदकं दोनच होती.

आमच्याकडे सोसायटीच्या गणपतीत शेवटच्या दिवशी सत्कार होतात. देणगीदाराला शाल-श्रीफळ, प्रमुख पाहुण्यांना शाल-श्रीफळ, नगरसेवकांना तर हमखास. ज्याने रात्री जागून मांडव उभा केला, वायरिंग केलं, महाप्रसादाची पातेली उचलली, तो स्टेजच्या कडेला माइकची वायर सोडवत उभा असतो. कुणाच्या लक्षात आलंच तर ‘अरे, तो काय, आपलाच आहे’ म्हणून विषय मिटतो. चुबाका तुमच्या घरचा हा ‘आपलाच’ आहे.

तुमच्याकडून यावर अधूनमधून जे खुलासे आले, त्यांचा गाभा असा की चुबाकाच्या वूकी जमातीला पदकांचं फारसं काही वाटत नाही. देणाऱ्यानेच घेणाऱ्याच्या वतीने नकार कळवून टाकायचा, ही सोय उत्तम आहे. चुबाकाचं काम करणारे पीटर मेह्यू स्वतः यावर विनोद करायचे. पदकाला पैसे उरले नसतील, किंवा लेयाचा हात माझ्या गळ्यापर्यंत पोचला नसता, असं ते सांगत. त्यांचा खुलासा निदान हसवतो तरी.

मुळात प्रश्न पदकाच्या धातूचा नाही. चुबाका त्या लढाईत होता कुठे, करत काय होता, हे कुणी नीट पाहिलं का, असा आहे. म्हणून आधी तेवढं पाहू.

लेयाला कोठडीतून सोडवायची योजना ल्यूकची. तिचा सगळा डोलारा चुबाकाच्या खांद्यावर. हात बांधलेला कैदी म्हणून त्याला शत्रूच्या तळात मिरवत न्यायचं. ल्यूक बेड्या घेऊन पुढे होतो, तेव्हा तो असा काही गुरकावतो की ल्यूक निमूटपणे त्या बेड्या हानच्या हातात देतो. हानने घातल्या तर चालतील, या पोराने नाही. म्हणजे मान्यता आहे, पण आंधळी नाही. आणि ज्या राजकन्येला वाचवायला हा सगळा खटाटोप, ती बाहेर आल्यावर काही वेळातच त्याला चालता गालिचा म्हणून मोकळी होते! (तिचा त्या दिवशी ग्रह नष्ट झालेला होता, तेव्हा हे आम्ही मनावर घेत नाही.)

आता माझ्या आवडीचं दृश्य. हल्ल्याच्या आधी, हँगरमध्ये. बंडखोर आपापल्या विमानांकडे पळताहेत आणि हान बक्षिसाच्या पेट्या फाल्कनमध्ये चढवतोय. त्याला पैसे मिळालेत, त्याला निघायचंय. ल्यूक येतो, थोडं सुनावतो, तोंड फिरवून जायला लागतो. हान त्याला मागून शुभेच्छा देतो, थोडी अवघडलेलीच. ल्यूक निघून जातो. मागे हान आणि चुबाका. चुबाका काहीतरी गुरगुरतो. लांबलचक नाही, मोठ्याने नाही. आणि हान एकदम उसळतो: बघतोस काय असा, मी काय करतोय ते मला कळतंय.

इतकंच. दृश्य तिथे संपतं आणि बहुतेक प्रेक्षक पुढच्या लढाईकडे डोळे लावतात. पण जरा थांबा. आपण बरोबर करतोय याची ज्याला खात्री असते, तो सहवैमानिकाला न विचारता खुलासे देत नाही. चुबाका त्याला काय म्हणाला, ते आपल्याला कधीच कळत नाही. हानच्या तोंडावर मात्र ते सगळं उमटतं. ल्यूकच्या चार वाक्यांनी जे झालं नाही ते त्या एका गुरगुरण्याने झालं, असं मी मानते. पुढे ऐन क्षणी सूर्याच्या दिशेकडून फाल्कन झेपावतं, ल्यूकच्या मागे लागलेला खलनायक व्हेडर भिरकावला जातो आणि डेथ स्टारवरचा तो निर्णायक नेम साधतो. फाल्कन परत वळवलं ते एकट्या हानने नव्हे. त्या कॉकपिटमध्ये पुढे दोन खुर्च्या आहेत.

त्या दुसऱ्या खुर्चीची कथा तुम्हीच अनेकदा सांगितली आहे. जॉर्ज लुकास यांच्याकडे इंडियाना नावाचा मोठा थोरला अलास्कन मॅलम्यूट होता. तो गाडीत शेजारच्या सीटवर ऐटीत बसायचा, त्यावरून लुकासना सहवैमानिक सुचला. पुढे त्याच कुत्र्याचं नाव दुसऱ्या एका साहसी नायकालाही, इंडियाना जोन्सला, मिळालं. एका कुत्र्याने दोन चित्रपटमालिका दिल्या, आणि त्यालाही पदक मिळाल्याचं ऐकिवात नाही.

कथा गोड आहे, पण गोची इथेच होते असं मला वाटतं. उगम कुत्र्यात सापडला म्हणून निष्ठाही कुत्र्याचीच धरली गेली. ती त्याच्या स्वभावातच आहे, ती असणारच, तिच्यासाठी वेगळं काय द्यायचं? हानने परत येणं म्हणजे निर्णय, म्हणून त्याला पदक. चुबाकाने सोबत असणं म्हणजे निसर्ग, म्हणून त्याला नाही. तुमचे स्वतःचेच चित्रपट या समजुतीच्या विरोधात साक्ष देतात.

1980 च्या चित्रपटात होथ या ग्रहावरच्या बर्फात हान आणि ल्यूक दोघेही बाहेर राहिलेले असताना तळाचे अजस्र दरवाजे बंद होतात. लेया स्तब्ध उभी असते. चुबाका त्या दाराला डोकं टेकून हंबरडा फोडतो. पुढे ढगांच्या शहरात हानला कार्बोनाइटमध्ये गोठवायला नेतात, तेव्हा तो सैनिकांना खेळण्यांसारखं भिरकावायला लागतो, आणि हानच त्याला आवरतो. आत्ता नको, ताकद राखून ठेव, राजकन्येला सांभाळ. तो थांबतो. दुःखाने वेडापिसा झालेला एवढा धिप्पाड जीव मित्राच्या शब्दाखातर थांबतो. सुटका झाल्यावर मात्र तो सर्वांत आधी दगाबाज लँडोचा गळा आवळतो, आणि मग हानला वाचवायचं असेल तर याच लँडोची मदत लागणार हे उमगल्यावर सोडूनही देतो. या सगळ्या धावपळीत तुकडे-तुकडे झालेला थ्रीपीओ त्याच्या पाठीवर जाळीत बांधलेला आहे. कोठडीत बसून त्याने तो जमेल तसा जोडलाय. डोकं उलटं बसवलंय, ते सोडा.

1983 मध्ये जब्बा या गुंडांच्या म्होरक्याच्या तळघरात दोघांची भेट होते. हानला कार्बोनाइटमधून बाहेर काढल्यावर काही दिसत नाहीये. अंधारात ओळखीचा आवाज येतो, आणि मग ती मिठी. हा चित्रपट इवॉक नावाच्या अस्वलबाळांमुळे बदनाम आहे. पण जंगलातल्या लढाईत शत्रूचं चालतं यंत्र ताब्यात घेऊन पारडं फिरवणाऱ्यांत पुढे कोण असतो, तेही कुणी सांगत नाही.

आणि 2018 चा चित्रपट, जो तुमच्या हिशेबाने पडला. त्यात केसेलच्या खाणीत चुबाकाला साखळदंडातले आपले वूकी दिसतात. हान घाईत आहे, काम अर्धवट आहे, वेळ नाही. चुबाका हानला सोडून त्यांच्याकडे जातो. त्यांची सुटका करतो. तिथून तो आपल्या माणसांबरोबर कायमचा निघून जाऊ शकला असता. तो परत येतो. तेव्हा तो 190 वर्षांचा आहे आणि हान विशीतला उडाणटप्पू. या वयात कुणाच्या शेजारी बसायचं हे त्याने ठरवलेलं असतं, आणि पुढे प्रत्येक चित्रपटात तो ते पुन्हा पुन्हा ठरवतो. याला सवय म्हणायचं की शौर्य?

आता कातड्याच्या आतल्या माणसाबद्दल, कारण त्याच्याशिवाय या पत्राला अर्थ नाही.

पीटर मेह्यू. जन्म 1944, लंडन. उंची सात फूट तीन इंच. लंडनच्या एका रुग्णालयात कर्मचारी म्हणून नोकरी. मोठ्या पावलांच्या माणसांवरची एक बातमी वर्तमानपत्रात आली, तीतून त्यांना सिंदबादच्या एका चित्रपटात राक्षसाचं काम मिळालं, आणि तिथून लुकासच्या माणसांपर्यंत नाव गेलं. लुकास खोलीत आले तेव्हा मेह्यू रीतीप्रमाणे उठून उभे राहिले. उभे राहतच गेले म्हणा. तिथेच निवड झाली, अशी ती हकीकत. बाकी अभिनयाची चाचणी वगैरे काही नाही.

म्हणून लोकांना वाटतं, उंची होती, काम झालं. रंगभूषाकार स्टुअर्ट फ्रीबोर्न यांनी याकच्या केसांचा आणि मोहेरचा (एका शेळीच्या लोकरीचा) तो पोशाख केला. आत उकडून जीव जायचा. मुखवट्यातून दिसायचे ते फक्त मेह्यूंचे निळे डोळे. आवाज त्यांचा नव्हता, ओठ त्यांचे नव्हते, चेहऱ्याचा एकही स्नायू दिसत नव्हता. उरलं काय? डोळे, मान आणि चाल. मेह्यू प्राणिसंग्रहालयात जाऊन अस्वलं आणि गोरिला कसे हलतात ते बघत बसायचे. मान किंचित तिरकी करून समोरच्याकडे पाहणं, खांदे पाडून चालणं, धावताना हात लांब सोडणं, हे सगळं त्यांनी रचलं. एकदा ते आजारी पडले तेव्हा त्यांच्याच उंचीच्या दुसऱ्या माणसाला पोशाख चढवून काम भागवायचा प्रयत्न झाला. ते चित्रण वाया गेलं. मेह्यू बरे होऊन आल्यावर पुन्हा करावं लागलं, कारण पोशाख तोच असून त्यात चुबाका नव्हता. उंची हेच सगळं असतं तर हे घडायचं कारण नव्हतं.

आवाज ध्वनिरचनाकार बेन बर्ट यांनी घडवला. मुख्यतः एका अस्वलाचा, त्यात वॉलरस, सिंह, बिजू यांच्या आवाजांचे तुकडे. या आणि बाकीच्या प्राण्या-यंत्रांच्या आवाजांसाठी बर्टना 1978 मध्ये खास ऑस्कर मिळालं. ते रास्तच होतं. पण गंमत पाहा: चुबाकाच्या आवाजाला ऑस्कर, आणि चुबाकाला साधं पदक नाही.

स्टुडिओच्या साहेबांना त्या काळी चिंता कसली होती, तर याला चड्डी का नाही, याची. ल्यूकचं काम करणारा मार्क हॅमिल हा किस्सा रंगवून सांगतो. म्हणजे त्याच्याकडे कुणी पाहतच नव्हतं असं नाही. पाहत होते, पण कुठे!

1997 मध्ये एमटीव्हीच्या चित्रपट पुरस्कारांत चुबाकाला जीवनगौरव दिला गेला, तोही लेयाचं काम करणाऱ्या कॅरी फिशर यांच्या हातून. लोक टाळ्या वाजवत उभे होते आणि हसतही होते. विनोद म्हणून का होईना, 20 वर्षांनी कुणाला तरी आठवलं. तो विनोद जमला याचं कारण सगळ्या सभागृहाला मूळ प्रसंग माहीत होता. नंतर तुमच्या बाजूने काय झालं, ते आता क्रमाने सांगणं भाग आहे.

1999 मध्ये तुमच्या परवानगीने निघालेल्या एका कादंबरीत चुबाका मारला गेला. हानच्या मुलाला वाचवताना, आणि त्यासाठी अख्खा चंद्र त्याच्या अंगावर पाडावा लागला. एवढ्या अवाढव्य माणसाला मारायला चंद्रच हवा, हे खरं. वाचक भयंकर चिडले. पुढे 2014 मध्ये तुम्ही त्या काळातल्या सगळ्या कादंबऱ्या अधिकृत कथेतून बाजूला काढल्या आणि चुबाका पुन्हा जिवंत झाला. कागदोपत्री मेलेला माणूस कागदोपत्रीच जिवंत होणं आमच्या सरकारी कचेऱ्यांना नवं नाही, पण तिकडेही चालतं हे समजलं.

2015. हानला त्याच्याच मुलाने मारलं. चुबाकाने ते पाहिलं. ज्याला त्याने लहानपणापासून पाहिलं असणार त्या पोरावर त्याने बाण सोडला, सुरुंग उडवून दिले, आणि मग जखमी साथीदार फिनला हातांवर उचलून विमानातून बाहेर आला. तळावर लेया समोरून येते. दोघांचं सर्वांत जवळचं माणूस गेलंय. आणि ती चुबाकाच्या शेजारून निघून जाऊन नव्या नायिकेला, रेला, मिठी मारते. रेला, जिला ती याआधी भेटलेलीच नाही! दिग्दर्शक जे. जे. एब्रम्स यांनी नंतर ती चूक होती हे कबूल केलं. त्यांच्या मनात चुबाका फिनच्या काळजीत होता, रेवर लक्ष ठेवायचं होतं वगैरे. त्यांनी कबूल केलं हा त्यांचा मोठेपणा. पण बघा, पदक विसरणं एक वेळ समजू शकतं. सांत्वन करायचं विसरलात. त्याच्यावरही दुःखाचा डोंगर कोसळलाय हे दिग्दर्शकाला, संकलकाला, एवढ्या मोठ्या चमूत कुणालाच सुचलं नाही. ‘आपलाच आहे’ याचा याहून धडधडीत नमुना मला माहीत नाही.

2019 मध्ये तर तुम्ही दोन्ही केलंत. आधी रेच्या हातून त्याचं यान उडवून तो मेला असं भासवलंत, आणि प्रेक्षकांच्या घशात आवंढा आहे तोवर तो दुसऱ्याच यानात होता म्हणून हजर केलात. मरण म्हणजे काय फटाका आहे? मग शेवटी, लढाई संपल्यावर, माझ कनाटा नावाची जुनी ओळखीची त्याच्या हातात पदक ठेवते. चित्रपटगृहात टाळ्या पडल्या. मीही टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू. पण घरी येता येता डोक्यात आलं: हे पदक हानचं. म्हणजे मित्राची आठवण म्हणून दिलेली वस्तू. तिचं मोल मोठं आहे, त्याबद्दल वाद नाही. तरी ते त्याचं स्वतःचं नाही. 42 वर्षांनी दिलंत तेही दुसऱ्याच्या नावाचं दिलंत.

त्याच चित्रपटात लेया गेल्याचं कळल्यावर चुबाका गुडघ्यांवर कोसळतो आणि जमिनीवर हात आपटत रडतो. ते दृश्य योनास सुओतामोचं आहे. फिनलंडचा हा बास्केटबॉल खेळाडू मेह्यूंकडून चाल, मान आणि नजर शिकला, 2015 मध्ये त्यांचे दुखरे गुडघे सांभाळून त्यांच्या बदली धावला, आणि 2017 पासून भूमिका पूर्णपणे त्याच्याकडे आली. मेह्यू 30 एप्रिल 2019 ला टेक्सासमध्ये गेले. पदकाचा तो प्रसंग पडद्यावर आला डिसेंबरात. आठ महिने.

आता तुम्हाला वाटेल, पुण्या-ठाण्यातल्या माणसांना याचं एवढं का लागावं? कारण सांगते. आमच्यातल्या पुष्कळांनी हे चित्रपट लहानपणी व्हिडिओ कॅसेटवर नाहीतर केबलवर पाहिले, खाली अक्षरं येत नव्हती त्या काळात. मराठी शाळेतल्या मुलांना ते इंग्रजी धड कळायचं नाही. हान भरभर बोलायचा, थ्रीपीओ तर नको इतका. ल्यूक कशावर रुसलाय ते शेजारच्या दादाने सांगायचं. पण चुबाका बोलायला लागला की आम्ही आणि कॅलिफोर्नियातली पोरं एकाच बाकावर. त्याचं आम्हाला जेवढं कळायचं तेवढंच त्यांनाही. बुद्धिबळासारख्या त्या खेळात हरताना तो चिडला की आम्ही आधी हसायचो, वूकीला जिंकू द्यावं हा सल्ला कुणी समजावून सांगायच्या आत. त्या अख्ख्या आकाशगंगेत आमच्यासाठी अडाणीपणाची लाज नसलेलं एकच पात्र होतं. म्हणून तो आमचा आहे, आणि ‘आपलाच’ या अर्थाने नव्हे.

तर मागण्या. फार नाहीत, आणि एक तर काही न करण्याचीच आहे.

1977 च्या त्या प्रसंगाला हात लावू नका. संगणकावर त्याच्या गळ्यात पदक चिकटवायचा मोह कुणाला तरी होईल. 1997 च्या फेरफार केलेल्या आवृत्तीत ग्रीडोची गोळी आणि जब्बाचं शेपूट यांचं काय झालं ते आम्ही विसरलेलो नाही. ती चूक तशीच राहू द्या. तिच्यामुळेच तर दोन पिढ्या त्या दृश्यात डाव्या-उजव्या हिरोंना सोडून त्याच्याकडे पाहायला शिकल्या. पुरावा पुसून खटला निकाली काढता येत नाही.

मेह्यूंचं काम काम म्हणून दाखवा. वर्धापनाच्या माहितीपटांत त्यांचा उल्लेख नेहमी उंचीपासून सुरू होतो आणि उंचीशीच संपतो, मध्ये एखादा गमतीचा किस्सा. रेडवुडच्या जंगलात त्यांना शिकाऱ्यांनी ‘बिगफूट’ समजू नये म्हणून भडक जाकिटं घातलेली माणसं सोबत ठेवली होती, तो किस्सा आम्हालाही पाठ आहे. आता तो आजारपणात वाया गेलेल्या चित्रणाचा प्रसंग सांगा. दोन्ही चाली शेजारी-शेजारी दाखवता आल्या तर त्याहून चांगलं. नवोदित नटांना त्यातून शिकायला मिळेल. सुओतामोला बोलवा, त्याने नक्की काय उचललं आणि काय स्वतःचं घातलं ते विचारा.

चुबाकाला पुन्हा खोटंखोटं मारू नका. खरं मारायचं असेल तर निदान चंद्र वगैरे नको, आणि ते एका पात्राचं मरण म्हणून लिहा, दुसऱ्या कुणाला धक्का देण्याची सोय म्हणून नको.

आणि मुख्य मागणी: त्याच्या नावाची एक गोष्ट करा, जिच्यात तो कुणाच्या शेजारी बसलेला नाही. तुम्ही म्हणाल, 1978 मध्ये अमेरिकी टीव्हीवरच्या ‘स्टार वॉर्स’च्या त्या खास कार्यक्रमात त्याचं घर, बायको, मुलगा, बाप सगळं दाखवलं होतं, आणि पुढे त्याचं काय झालं ते जगजाहीर आहे. मान्य. लुकासनी स्वतः त्या कार्यक्रमाशी नातं तोडलं. पण तो पडला तो वूकी भाषेमुळे नाही. घरातल्या माणसांना करायलाच काही दिलं नव्हतं, ती नुसती वाट बघत गुरगुरत होती, आणि ज्याची वाट बघत होती तो चुबाका बराच वेळ प्रवासातच. त्या उलट 2015 ची मार्व्हलची पाच अंकांची कॉमिक मालिका काढून बघा. तो एका अनोळखी ग्रहावर उतरतो, एक मुलगी भेटते, गुलामांना सोडवायचं असतं. त्याच्या बोलण्याचा अनुवाद नाही, तरी गोष्ट कुठे अडत नाही. आणि जाताना तो तिला एक पदक देऊन टाकतो! पदकांचं वूकींना काही वाटत नाही हे तुमचं म्हणणं, ज्याच्याकडे ते आहे आणि जो ते दुसऱ्याला देतो त्याच्या बाबतीत मला पटेल.

म्हणजे मजकूर तयार आहे, नट तयार आहे, आवाजाची फीत तुमच्याच कपाटात आहे. खाली अक्षरं मात्र टाकू नका. आम्हाला कळतं.

कळावे, लोभ आहेच, वाढावा.

आपली,
एक मराठी प्रेक्षक, ठाणे

ता. क. : तुमच्या कचेरीच्या दारात कारंज्यावर योडा या बुटक्या गुरूचा पुतळा आहे आणि लोक लांबून येऊन त्याच्यासोबत फोटो काढतात. 2005 च्या चित्रपटात हे महाशय ज्याच्या खांद्यावर बसले होते, त्याच्यासाठी बाजूला जागा निघत असेल तर पाया जरा भक्कम घालावा. मापं फ्रीबोर्न यांच्या कागदपत्रांत सापडतील.